पुढचा डिफ कोणता घालावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या या सदरात या वेळी सगळी पत्रं एकाच डबीभोवती फिरताहेत: चारही चाकं ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांमधला डिफरन्शिअल, म्हणजेच डिफ. वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. पत्रं कापून छोटी केली आहेत. उत्तरं जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

माझ्याकडे तामिया टीटी-०२ आहे. सोसायटीच्या पार्किंगमधल्या काँक्रीटवर आणि कधी रविवारी सकाळी मोकळ्या डांबरी मैदानावर चालवतो. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की पुढचं आतलं चाक जागच्या जागी भिरभिरतं आणि गाडी ओढत नाही. शर्यतीतल्या टूरिंग गाड्यांना पुढे स्पूल असतो असं दिसतं. मीही बसवू का? (चिंचवड)

एवढ्यात नको. आधी किटमधल्याच डिफमध्ये घट्ट ग्रीस भरून बघा. बहुतेक तेवढ्यात काम होईल.

डिफला किती फरक सांभाळावा लागतो ते एकदा आकड्यांत बघू. तुमच्या गाडीची रुंदी साधारण १९० मिमी आणि टायर २६ मिमी रुंद. म्हणजे डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांत सुमारे १६४ मिमी अंतर. गाडी १ मीटर त्रिज्येचा यू-टर्न घेते असं धरा. बाहेरचं चाक ३.४० मीटर चालतं, आतलं २.८८. टायरचा घेर २० सेंमीच्या आसपास असल्याने एका यू-टर्नमध्ये बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अडीच फेऱ्या जास्त माराव्या लागतात. मोकळा डिफ हे बिनबोभाट करतो. पण तो दोन्ही बाजूंना जोर सारखाच देतो, आणि वळणात आतलं चाक हलकं झालेलं असतं. ते जेवढं पकडेल तेवढाच जोर बाहेरच्या चाकाला मिळतो. आतलं धुळीवर घसरलं की ज्याच्यावर खरं वजन आहे ते बाहेरचं चाक उपाशी राहतं. तुमच्या गाडीत हेच होतंय.

स्पूलमध्ये डिफच नसतो, दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली असतात. थ्रॉटलवर गाडी सरळ ओढते आणि ब्रेक लावला तरी रेषेत राहते. त्याची किंमत वळणात शिरताना मोजावी लागते. वरच्या अडीच फेऱ्या कुठेतरी जायलाच हव्यात, आणि स्पूलमध्ये त्या टायर घासून जातात. थ्रॉटल सोडून गाडी वळवायला गेलात की ती नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. शर्यतीतल्या गाडीला चिकट रबरी टायर असतात, पुढे दुहेरी सांध्याचे शाफ्ट असतात आणि चालवणारा ब्रेकवरच गाडी वळवून घेतो. धुळकट काँक्रीटवर साध्या डॉगबोनने (टोकांना गाठी असलेल्या साध्या शाफ्टने) यातलं काहीच जमत नाही. शिवाय पार्किंगच्या कठड्याला एक चाक आपटलं की स्पूल तो धक्का जसाच्या तसा दुसऱ्या शाफ्टपर्यंत नेतो. डिफ असता तर तो गिळला असता.

आता ग्रीसचं काम. टीटी-०२ चा पुढचा आणि मागचा डिफ एकसारखेच असतात, तेव्हा हात फक्त पुढच्याला लावा. आत दोन मोठी बेव्हल गिअर आणि ताऱ्याच्या आकाराच्या आसावर तीन छोटी बेव्हल गिअर दिसतील. सगळं पुसून कोरडं करा. तामियाचं अँटी-वेअर ग्रीस घ्या. ते मधासारखी तार सोडतं, आणि आपल्याला तसंच हवं आहे. नुसतं दातांवर बोट फिरवून भागत नाही. छोट्या गिअरच्या मधल्या तिन्ही पोकळ्या भरा, वरचं मोठं गिअर दाबून बसवा, बाहेर आलेलं पुसा आणि डबी बंद करा. स्क्रू घरातल्या साध्या फिलिप्सने घट्ट करू नका. तामियाच्या स्क्रूचं डोकं जेआयएस (जपानी मानक) मापाचं असतं, आणि चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने ते पहिल्याच वेळी गोल होतं.

जमलं का, ते हाताने कळतं. गाडी ठोकळ्यावर ठेवा, पुढचं एक चाक धरा आणि दुसऱ्याला टिचकी मारा. कोऱ्या डिफवर चाक गरगर फिरतं. ग्रीस भरल्यावर ते बोट सुटताक्षणी थांबायला हवं, पण बोटाने ढकलत राहिलात तर अडखळल्याशिवाय फिरायला हवं. दहा-बारा बॅटऱ्यांनंतर पुन्हा बघा, कारण ग्रीस गिअरमधून निघून कडेला जाऊन बसतं.

मागचा डिफ मोकळाच ठेवा. तोही जाम केला की थ्रॉटलवर शेपूट सुटते आणि दोष पुढच्या डिफला दिला जातो. आणि एम-सील किंवा ग्लू-गनचा गोंद भरून डिफ कायमचा लॉक करायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. उलगडता येत नाही, आणि धक्क्याने गोंदाचा तुकडा सुटला की दातात अडकतो.

एवढं करूनही ओढ कमी वाटली तर पुढची पायरी म्हणजे टीटी-०२ साठी वेगळा मिळणारा तेलाचा गिअर डिफ. त्यात १,००,००० सीएसटीपासून (सीएसटी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचं माप) सुरुवात करा, ५,००,००० पर्यंत जा. स्पूलचा विचार त्यानंतर, आणि त्याच दिवशी पुढे दुहेरी सांध्याचे शाफ्ट घालणार असाल तरच.

जुनी बेल्टवाली टूरिंग गाडी घेतली. पुढे वन-वे आहे असं सांगितलं होतं. रिव्हर्समध्ये पुढची चाकं ओढत नाहीत आणि जोरात ब्रेक मारला की गाडी गरकन उलटी फिरते. वन-वे खराब आहे का? (नाशिक)

नाही, तो ठणठणीत आहे. वन-वे असाच वागतो.

त्यात प्रत्येक बाजूला एकाच दिशेने पकडणारं रोलर बेअरिंग असतं. चाक हाउसिंगपेक्षा (मोटर जी बाहेरची डबी फिरवते तिच्यापेक्षा) हळू फिरू लागलं की ते पकडतं, जास्त वेगाने फिरू लागलं की सोडून देतं. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच. ब्रेक मारल्यावर मोटर हाउसिंगला रोखते, पण पुढची चाकं आपली मजेत पुढे फिरत राहतात. ब्रेक मागच्या दोन चाकांवरच लागतो. सायकलचा फक्त मागचा ब्रेक ओल्या रस्त्यावर दाबला तर जे होतं तेच इथे होतं. रिव्हर्सलाही हाच न्याय: हाउसिंग उलटं फिरलं की पकडच नाही.

तपासायला मोठं गिअर, म्हणजे स्पर, धरा आणि पुढचं चाक पुढच्या दिशेने फिरवा. ते आवाज न करता मोकळं फिरलं पाहिजे. मागच्या दिशेने फिरवताच तिथल्या तिथे अडकलं पाहिजे. थोडं सरकून मग अडकत असेल, किंवा कधी अडकतं कधी नाही, तर रोलर किंवा त्यांच्याखालचा आस झिजलाय. आसावर नखाला लागेल अशी रेघ असेल तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही, आसही बदला. आत जाड ग्रीस भरू नका. रोलरचे बारीक स्प्रिंग त्यात रुततात आणि पकड उशिरा येते. पातळ तेलाचा एक थेंब पुरे.

वन-वेची खरी मजा मोठ्या, वाहत्या वळणांच्या आणि चांगल्या पकडीच्या ट्रॅकवर आहे. थ्रॉटल सोडला की नाक सुरीसारखं आत जातं. त्यामागे आणखी एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक टूरिंग गाड्यांना मध्ये डिफ नसतो, आणि वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. २५७ मिमी व्हीलबेस आणि १ मीटर त्रिज्या घेतली तर सुमारे ३ टक्के जास्त. वन-वे ते जास्तीचं अंतर मोकळं सोडतो, बाकीचे डिफ बेल्ट ताणून आणि टायर घासून ते भरून काढतात. तुम्हाला ब्रेक मारून वळायची सवय असेल तर मात्र ट्रान्समीटरवर ब्रेकचा जोर ३०-४० टक्क्यांवर आणा, किंवा पुढे गिअर डिफ घाला. वन-वेवर ब्रेक स्टिअरिंग सरळ असतानाच मारायचा असतो.

गिअर डिफमध्ये तेल भरतो, दोन बॅटऱ्यांत गळून जातं. गिअरबॉक्स उघडला की सगळीकडे चिकट. ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) दोनदा बदलल्या. काय चुकतंय? (डोंबिवली)

ओ-रिंग बदलूनही गळत असेल तर बहुतेक वेळा तेल जास्त भरलेलं असतं. तेल गरम होऊन फुगतं, आत हवेला जागा नसली की ते ओ-रिंगमधूनच वाट काढतं. दुसरा संशयित कागदी गॅस्केट. ते एकदा उघडलेल्या डिफला पुन्हा लावलं की चुरगळलेल्या जागेतून झिरपतं.

मुळापासून करा. डिफ पूर्ण उलगडा. सिलिकॉन तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे पसरतं. डबी चकचकीत दिसते आणि गॅस्केटच्या काठावर पातळ थर राहतोच. रॉकेलमध्ये दहा मिनिटं बुडवा, ब्रशने घासा, मग भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ओ-रिंग रॉकेलमध्ये टाकू नका, फडक्याने पुसा. रॉकेलचं काम बाल्कनीत, गॅसपासून लांब.

आउटड्राइव्हच्या (डिफमधून बाहेर येऊन शाफ्टला धरणाऱ्या भागाच्या) दांड्यावर, जिथे ओ-रिंग बसते तिथे, नख आडवं फिरवा. खाच लागली तर नवी ओ-रिंगही गळणारच, दांडा बदला. आत गेलेली बारीक माती ओ-रिंगमध्ये रुतते आणि पॉलिश पेपरसारखी दांडा कापत राहते. पावसाळ्यानंतर गळती वाढते ती यामुळेच.

जोडताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. दांडा सरळ ढकलू नका, फिरवत-फिरवत आत न्या, नाहीतर त्याच्या पिनच्या भोकाची धार ओ-रिंगला चिरते. दांडा, शिम (पातळ चकती), पिन, मोठं गिअर, मग छोट्या गिअरचा आस या क्रमाने बसवा. आता तेल. आस जेमतेम बुडेल इतकंच, म्हणजे काठाच्या साधारण १ मिमी खालपर्यंत. गिअर हाताने चार-पाच फेरे फिरवा, बुडबुडे वर येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा थेंबभर घाला. ५,००० ते १०,००० सीएसटीच्या तेलाला पंधरा मिनिटं पुरतात. एक लाखाच्या वरचं तेल रात्रभर झाकून ठेवा, सकाळी पातळी बघा. पाच-दहा लाखाचं तेल ओतताच येत नाही. ते बाटलीतून लोंबतं आणि कात्रीने कापावं लागतं, शब्दशः.

नवीन गॅस्केट ठेवा, झाकण लावा, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे-थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर गॅस्केट एका बाजूला चेपतं. शेवटी सगळ्या स्क्रूंवर एक फेरी पुन्हा मारा, कारण गॅस्केट दबल्यावर पहिला स्क्रू हमखास सैल झालेला असतो.

सराफाकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घेतलात तर फार बरं. रिकामा डिफ तोला, भरलेला तोला, तेलाचं वजन झाकणाच्या आत पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढंच भरा. तेलाचा नंबर तोच ठेवूनही गाडी वेगळी वागते अशी तक्रार येते, तेव्हा मुळात दोन वेळा भरलेल्या तेलाचं वजनच वेगळं निघतं.

शॉकचं ३० नंबरचं तेल घरात आहे. तेच पुढच्या डिफमध्ये चालेल का? (सातारा)

नाही चालणार. शॉकवरचा ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी. पुढच्या डिफला हजारांत मोजलेलं तेल लागतं. ३० वेट घातलंत तर कोरड्या डिफमध्ये आणि त्यात काही फरक जाणवणार नाही, वर ते गळेल. बाटलीवर वेट आहे की सीएसटी हे आधी वाचा. काही बाटल्यांवर नुसतं ‘३० के’ असतं, ते तीस हजार.

१/८ ब्रशलेस बग्गी, मुरमाच्या मोकळ्या प्लॉटवर चालते. डिफमध्ये पुढे-मध्ये-मागे ५-७-३ (हजार सीएसटी) तेल आहे. वळणात शिरताना गाडी बाहेर जाते. मित्र म्हणतो पुढे १०,००० घाल. शिवाय पुढचं क्राउन गिअर (डिफवरचं मोठं गिअर) वर्षात दोनदा सोललं. (कोल्हापूर)

मित्राचा सल्ला उलटा आहे. वळणात शिरताना, थ्रॉटल सोडलेला असताना गाडी बाहेर जात असेल तर पुढचं तेल पातळ करायचं, जाड नाही. ५,००० वरून ३,००० वर या. पुढे जाड तेलाचा फायदा वळणातून बाहेर पडताना, थ्रॉटलवर. तेव्हा गाडी नाकाने ओढते आणि खडबडीत सरळ पट्ट्यावर रेषेत राहते.

पण त्याआधी एकदा कुणाला तरी गाडी चालवायला द्या आणि स्वतः वळणाच्या बाजूला उभे राहून फक्त पुढची चाकं बघा. सरळ रेषेत जोरात सुटताना पुढचे दोन्ही टायर फुग्यासारखे फुगून उंच होत असतील तर ती मधल्या डिफची गोष्ट आहे. वेग घेताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि मधलं तेल पातळ असलं की जोर सोपी वाट धरून पुढे पळतो. मध्ये ७,००० चं १०,००० करा, पुढच्याला हात लावू नका. वळणातून निघताना पुढचं फक्त आतलं चाक फुगत असेल तर मात्र पुढचा डिफ पातळ आहे. तुमच्या पत्रात शिरतानाची तक्रार आहे, निघतानाची नाही. म्हणून ३,०००, आणि एका वेळी एकच डिफ बदला.

उन्हाळ्यात हा हिशोब सरकतो. बाटलीवरचा आकडा २५ अंशांवर मोजलेला असतो. ५० अंशांना सिलिकॉन तेल साधारण दोन-तृतीयांश जाड राहतं, म्हणजे ७,००० चं तेल साडेचार हजाराच्या घरात येतं. मे महिन्याच्या दुपारी, मोटरच्या शेजारी, ५० अंश काही फार नाही. जानेवारीत बसवलेला सेटअप एप्रिलमध्ये ‘बिघडतो’ तो असा.

आता सोललेलं क्राउन. तेलाचा नंबर बदलून हे थांबणार नाही. पिनिअन (क्राउनला फिरवणारं छोटं गिअर) आणि क्राउनच्या मधलं अंतर चुकलेलं आहे. गिअरबॉक्स उघडा, डिफ बेअरिंगसकट जागेवर ठेवा, डावी-उजवीकडे हलवा. खाडखाड हलत असेल तर दात टोकावरच एकमेकांना भेटताहेत, आणि उडीवरून उतरताना फिरत्या चाकांना जमीन लागली की टोकं उडतात. १३×१६×०.२ मिमीचे शिम मिळतात. एक शिम क्राउनच्या पाठीमागच्या बाजूला, डिफ आणि बेअरिंगच्या मध्ये घाला, म्हणजे क्राउन पिनिअनकडे सरकेल. झाकण लावून सगळे स्क्रू आवळा आणि मगच पिनिअन हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. झाकण न लावता तपासणं फसवं असतं. कुठेही जड जागा लागू नये आणि पिनिअनला केसभर मोकळीक राहावी. जड लागलं तर तोच शिम दुसऱ्या बाजूला न्या. क्राउन बदलताना पिनिअनही बदला. झिजलेलं पिनिअन नव्या क्राउनला दोन रविवारांत स्वतःच्या आकाराचं करून टाकतं.

जुन्या १/१० फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गीला पुढे बॉल डिफ आहे. हाताने फिरवला की आत वाळू असल्यासारखा करकरतो. थ्रॉटलवर बारीक किरकिर ऐकू येते. सुटे भाग मिळणं अवघड आहे. (मडगाव)

किरकिर म्हणजे डिफ घसरतोय. बॉल डिफमध्ये जोर दातांनी जात नाही. दोन चकत्यांच्या मध्ये चिमटलेल्या गोळ्यांच्या पकडीने जातो. पकड सैल असली की गोळ्या घरंगळायच्या ऐवजी घासतात, त्यांच्यावर सपाट ठिपके पडतात, चकतीवर वर्तुळाकार चर पडतो. त्या चरातून गोळ्या फिरताना जी करकर होते तीच तुम्हाला वाळूसारखी लागते.

चकत्या उलट्या करून बघा, दुसरी बाजू बहुतेक कोरी असते. काचेच्या तुकड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, चकती बोटाने सपाट दाबून छोट्या वर्तुळात फिरवा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद राखाडी झाला की थांबा. एखादी चकाकती जागा राहिली तर तिथे अजून खड्डा आहे. गोळ्या मात्र नव्याच घाला. बहुतेक १/१० डिफमध्ये त्या ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमीच्या असतात, पण आधी कॅलिपरने मोजा. टंगस्टन कार्बाइडच्या मिळाल्या तर उत्तम. जुन्या आणि नव्या मिसळू नका: जराशी मोठी गोळी सगळा भार एकटी घेते आणि तुटते.

डिफच्या गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ ग्रीस, थ्रस्ट बेअरिंगच्या बारीक गोळ्यांना काळं मॉलिब्डेनम ग्रीस. याची अदलाबदल झाली तर डिफ कितीही आवळा, घसरतच राहतो. काळं ग्रीस निसरडं असतं, आणि डिफच्या गोळ्यांना पकड हवी असते.

आवळायचं हळूहळू. स्क्रू हलकासा बसवा, मग एक बाजू धरून दुसरी वीस-तीस फेरे फिरवा म्हणजे गोळ्या आपली वाट करून घेतील. मग थोडं आवळा, पुन्हा फिरवा. शेवटची परीक्षा अशी: दोन्ही आउटड्राइव्हच्या खाचांत एकेक ॲलन की अडकवून मुठीत घट्ट धरा आणि मधलं गिअर अंगठ्याने ढकला. अंगठा दुखेपर्यंत ते हलता कामा नये. पुढचा बॉल डिफ मागच्यापेक्षा किंचित जास्त आवळलेला चालतो, बरा पडतो. पहिल्या बॅटरीनंतर ही परीक्षा पुन्हा घ्या. आणि स्लिपर क्लच (जास्त जोर आला की मुद्दाम घसरणारा क्लच) डिफच्या आधी घसरेल इतका सैल असू द्या. झिजणं त्याचं काम आहे आणि त्याचे पॅड स्वस्त असतात.

मातीत चालणाऱ्या गाडीला पुढे बॉल डिफ असणं ही तशी रोजची उस्तवार आहे. त्याच गाडीला बसणारा गिअर डिफ सापडला तर आनंदाने घ्या आणि ५,००० ते ७,००० सीएसटीने सुरुवात करा.

इथल्या क्लबमध्ये इनडोअर कार्पेटवर टूरिंग गाडी चालवतो. पुढे स्पूल. पूर्ण स्टिअरिंगवर पुढची चाकं थरथरतात, खडखड आवाज येतो. शाफ्ट साधे, एका सांध्याचे. (न्यू जर्सी)

थरथर सांध्यातून येते. एका कार्डन सांध्याने कोनात जोर नेला की चाकाचा वेग एकसारखा राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३० अंशांच्या कोनात तो सरासरीच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हलतो. डिफ असता तर दोन्ही बाजूंचे हे हेलकावे एकमेकांत मिटले असते. स्पूलमध्ये ते थेट टायरवर येतात, आणि कार्पेट टायरला घसरू देत नाही. दुहेरी सांध्याचे शाफ्ट तोच कोन दोन सांध्यांत वाटून घेतात आणि हेलकावा जवळजवळ नाहीसा होतो. स्पूल ठेवायचा असेल तर हा खर्च टळत नाही.

शाफ्ट येईपर्यंत ट्रान्समीटरवर स्टिअरिंगचा प्रवास दोन्ही बाजूंना सारखाच कमी करा. इतका, की वळण जमेल आणि थरथर थांबेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून सस्पेन्शन तळापर्यंत दाबा आणि शाफ्ट बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. अर्धा मिलिमीटर तरी सरकला पाहिजे. अडकत असेल तर तो सस्पेन्शनलाच आतून रोखतोय. आउटड्राइव्हच्या खाचेत शाफ्टच्या पिनने पाडलेला खड्डा आहे का तेही बघा. खड्डा पडला की थ्रॉटलवर पिन त्यात बसते, पुढचं सस्पेन्शन जिथल्या तिथे गोठतं आणि गाडी वळणाच्या मध्येच अचानक बाहेर पळते. पिनवर चढवायचे प्लास्टिकचे छोटे ठोकळे झिजले की लगेच बदला, ते त्याचसाठी असतात.

थरथर तरीही सहन होत नसेल तर स्पूलच्या जागी दहा लाख सीएसटीचा गिअर डिफ हा मधला मार्ग आहे. ब्रेकवर जवळपास स्पूलइतकाच सरळ, शिरताना थोडा मऊ.

ट्रेल गाडी, दगडधोंड्यांत हळू चालवायची. पुढे डिफ असावा की लॉक? (ठाणे)

लॉक. दगडावर एक चाक हवेत गेलं की मोकळा डिफ नुसतं ते हवेतलं चाक फिरवत बसतो आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. लॉकची किंमत वळायच्या त्रिज्येत मोजावी लागते, म्हणून ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या गाडीत पुढचा आणि मागचा डिफ ट्रान्समीटरवरून लॉक आणि मोकळा करता येतो. सपाट पायवाटेवर मोकळा ठेवा आणि दगड लागायच्या आधी लॉक करा. शाफ्टमध्ये पीळ बसलेला असेल तर लॉक सुटत नाही. अशा वेळी बटण दाबत बसू नका, गाडी वीतभर मागे घ्या, आपोआप सुटतो.